बिननांगराची बाग

फरशी हरली.

शेवट आधीच सांगून टाकला, कारण मधल्या भागात माझी बरीच शोभा होणार आहे. ती वाचताना तुम्ही हे वाक्य लक्षात ठेवावं अशी विनंती आहे. गरज पडली तर वर येऊन पुन्हा वाचावं. मी स्वतः लिहिताना तीनदा वर जाऊन आलो.

तह

सत्त्याण्णव सालची गोष्ट. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला द्राक्षांचे मळे संपून प्लॉट सुरू होत होते, तिथे आमचं छोटं घर. फाटक आणि व्हरांडा यांच्यामध्ये बरीचशी मोकळी माती होती. त्या मातीला मी 'बाग' म्हणायचो. माझी बायको उज्वला 'ती जागा' म्हणायची. तिला तिथे शहाबादी फरशी हवी होती. सपाट, पाण्याने धुता येणारी, काही म्हणजे काही न उगवणारी.

मला तिथे सेंद्रिय भाजी हवी होती. नाशिक रोडला एका सभागृहात सेंद्रिय शेतीचं शिबिर झालं, तिथे एका दाढीवाल्या गृहस्थांनी आम्हाला तीन तास समजावलं की आपण रोज विष खातो. मधल्या सुट्टीत बटाटेवडा होता. तो मी खाल्ला, पण अपराधी मनाने.

घरी येऊन मी घोषणा केली. उज्वला वाद घालत नाही, ती अटी घालते.

"ऋषीपंचमीला आई येतेय," ती म्हणाली. "त्या दिवशी घरातल्या पाच माणसांना पुरेल एवढी भाजी तुमच्या बागेतून निघाली, तर बाग राहील. नाही निघाली, तर दुसऱ्या दिवशी फरशी."

मी हसून मान्य केलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, पाच माणसांची भाजी! दाढीवाल्या गृहस्थांनी तर सांगितलं होतं की चार महिन्यांत शेजाऱ्यांना वाटावी लागेल.

इथे माझ्या पात्रतेबद्दल एक वाक्य लिहायला हवं. मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. इंजिनाच्या नुसत्या शिट्टीवरून मी गाडी ओळखायचो. भाजी मी शिजल्यावर ओळखायचो, तीही चव घेऊन.

पिंपातले दिवस

सेंद्रिय शेतीत पेरणीआधी पिंप येतं. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी घालून ते रोज काठीने ढवळायचं आणि सावलीत ठेवायचं. सावली आमच्याकडे एकच होती, कंपाउंडच्या भिंतीलगतची. भिंतीपलीकडे बहिरूनाना राहायचे.

बहिरूनाना नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर नोटांचे कोरे कागद उजेडात धरून दोष शोधले. निवृत्तीनंतर कागद गेले, सवय राहिली. आता ते आम्हाला उजेडात धरून बघत.

तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं भिंतीवर उगवलं. "शेखरराव, काही मेलंय का?"

"जीवामृत आहे, नाना. यात कोट्यवधी जीवाणू आहेत."

"असतील. आता ते सगळे आमच्या दिवाणखान्यात आलेत."

गुळाचा वास लागून मुंगळे आले. बेसनाचा लागून उंदीर आले. पाचव्या दिवशी पिंप फुगलं आणि झाकण उडून थेट नानांच्या तुळशीपाशी पडलं. नानांच्या पत्नी झुंबरबाई यांनी ते शांतपणे धुऊन परत केलं. नानांनी मात्र ते झाकण परत करण्याआधी दोन्ही बाजूंनी नीट तपासलं.

मग मी पेरलं. भेंडी, दोडका, भोपळा, टोमॅटो, गवार. कॉलनीतला प्रत्येक पुरुष संध्याकाळी फाटकाशी थांबून सल्ला देऊ लागला. एकाने सांगितलं, पाणी सकाळी घाला. दुसऱ्याने सांगितलं, सकाळी घातलंत तर मुळं कुजतील. तिसरे मोसंबीवाल्यांचे नातेवाईक होते, ते म्हणाले पाणीच घालू नका, झाडाला ताण द्या. मी आळीपाळीने सगळ्यांचं ऐकलं. झाडांना खरोखरच ताण आला.

भेंडी वीतभर झाली आणि गोगलगाईंनी तिचं जेवण केलं. टोमॅटोची पानं काळी पडली. गवार उगवलीच नाही, तिची बाजू आजही मला समजलेली नाही. दोडका आणि भोपळा यांचे वेल भिंतीवर चढले, नानांच्या बाजूला एकदा डोकावले आणि तिथे काय दिसलं कोण जाणे, वाळून गेले.

(उज्वला खांद्यावरून वाचते आहे. तिचं म्हणणं, वेल नानांना बघून वाळले नाहीत, मी त्यांच्या मुळाशी राख समजून चुन्याची पिशवी ओतली म्हणून वाळले. तिच्या समाधानासाठी नोंद करतो.)

आणि या सगळ्याच्या मधून, वाफ्यांत, वाफ्यांबाहेर, पायरीच्या फटीत, जे मी पेरलं नव्हतं ते उगवलं. गुडघ्याएवढं उगवलं. हिरवंगार, लाल देठांचं, जाड पानांचं, तुरे आलेलं, आणि एक तर विजारीला चिकटून माझ्याबरोबर बँकेत यायचं. साहेबांनी एकदा माझ्या गुडघ्यावरून ते काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं काहीतरी पडलं."

नाना म्हणाले, "तणनाशक मारा. दोन दिवसांत साफ."

मी म्हणालो, "ही सेंद्रिय बाग आहे, नाना."

"ही बाग आहे?" नाना म्हणाले.

दाढीवाल्या गृहस्थांनी विषाबद्दल खूप सांगितलं होतं, पण या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते सांगितलं नव्हतं.

खातं

श्रावणात महापालिकेची नोटीस आली. आमच्या भूखंडावर गवत व झुडपे वाढून डास, सर्प इत्यादींस आश्रय मिळत असल्याची तक्रार आली आहे, सबब पंधरा दिवसांत जागा साफ करावी. तक्रारदाराचं नाव नव्हतं, पण नाना दोन दिवस भिंतीवर उगवले नाहीत.

मी मुदत वाढवून मागायला कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी नोटीस वाचली.

"गवत आहे की झाडं?"

"का हो?"

"गवत असेल तर आमच्याकडे. झाडं असतील तर वृक्षवाल्यांकडे. झाडाला हात लावायला त्यांची परवानगी लागते. मग साफ करता येणार नाही."

माझा चेहरा उजळला असावा. "झाडंच आहेत."

"उंची?"

मी गुडघ्याला हात लावला. साहेबांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. तिथे एक तुरा चिकटलेला होता.

"हे?" ते म्हणाले. "हे झाड?"

"भाजी असेल तर?" मी शेवटचा प्रयत्न केला.

साहेब विचारात पडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी विचारलं, बाईंनी त्यांच्या शेजारच्यांना विचारलं. शेवटी ते म्हणाले, "भाजी घरात शिजली तर आमचं खातं नाही. पण ती भाजी आहे हे दिसलं पाहिजे." आणि त्यांनी गणपतीनंतरची तारीख टाकून दिली.

घरी आलो तर फाटकाजवळ शहाबादी फरशी येऊन पडली होती. भिंतीला टेकवून उभी, एकीमागे एक, थंड, आत्मविश्वासाने.

"आधीच मागवलीस?" मी म्हणालो.

"गणपतीत गाडी मिळत नाही," उज्वला म्हणाली. "आणि फरशी टाकली की नोटीसही जाईल." तिच्या आवाजात विजय नव्हता. ते जास्त लागलं. विजय असता तर मला भांडता आलं असतं.

मान खाली घातलेली भेंडी

चतुर्थीला सासूबाई आल्या. कुसाबाई. निफाडकडच्या गावातून, हातात कापडी पिशवी, पिशवीत ऋषीपंचमीचा देवभात. हा भात नांगराशिवाय पाणथळीत आपोआप उगवतो. ऋषीपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगर लागलेल्या जमिनीतलं नको, बैलाने ओढलेलं नको. सासूबाई हे नियम असे पाळतात की त्यांच्यापुढे आमच्या बँकेचे ऑडिटर भाबडे वाटावेत. शहरात लेकीकडे पंचमी करायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"भाजीचं काय करायचं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"ह्यांच्या बागेतून निघणार आहे," उज्वला म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

आता पुढे जे लिहितो आहे ते वाचण्याआधी वर जाऊन पहिलं वाक्य वाचावं.

दुपारी मोदक खाऊन घर आडवं झालं. मी स्कूटर काढली, भाजीबाजारात गेलो आणि भेंडी, दोडके व एक देखणा भोपळा घेऊन आलो. उज्वलाच्या शिलाई मशीनमधून हिरवा दोरा घेतला. वाळलेल्या वेलांना दोडके टांगले, भोपळा टांगला. भेंडीची चार खराटे झालेली रोपं शिल्लक होती, त्यांना भेंड्या बांधल्या. काम झाल्यावर मी फाटकापर्यंत मागे जाऊन बघितलं. सांगायला संकोच वाटतो, पण मला गहिवरून आलं. बाग दिसत होती.

मी हिशेब असा मांडला होता: भाजी बागेतून निघायला हवी, एवढीच अट. ती बागेत कुठून आली हे तहात नव्हतं.

सकाळी, रविवार होता, सासूबाई आघाड्याची काडी शोधायला अंगणात उतरल्या. ऋषीपंचमीला त्या काडीने दात घासायचे असतात. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचत नव्हतो.

सासूबाई भेंडीपाशी थांबल्या. वाकल्या. पुन्हा सरळ झाल्या.

"जावईबापू."

"काय, आई?"

"भेंडी आभाळाकडं बघती. झाडावर ती कायम वर तोंड करून उभी राहती. ही खाली मान घालून का हाय?"

मी वर्तमानपत्र थोडं वर घेतलं.

"काई चूक केली का तिनं?" त्यांनी विचारलं. मग वेलाकडे वळल्या. "आन् हे काय? भोपळ्याच्या वेलाला दोडका? आन् त्याच्याच शेजारी दोडक्याच्या वेलाला भोपळा? अदलाबदल झाली वाटतं पोरांची!"

दारात उज्वला उभी होती. भिंतीवर बहिरूनाना उगवले होते. त्यांनी तोंडातला ब्रश काढला, कारण ब्रश असताना हसता येत नव्हतं.

"बाजारातलं मला चालत नाय," सासूबाई म्हणाल्या. "नांगराचं हाय ते. आता मी खाऊ काय?" त्या आघाडा शोधायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

मग त्यांनी लुगड्याचा काष्टा सावरला आणि चक्क खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली.

"उज्वले!" त्यांची हाक कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेली असेल. "अगं हा तांदुळजा! ही घोळ बघ केवढी! कुर्डू! पाथरी! आघाडा तर मांडवाएवढा! आन् हे इथं हाय, हे तू मला काल सांगितलं नाय?"

मी उज्वलाकडे बघितलं. ती पदराचं टोक बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला विचारलंत कधी?" ती म्हणाली. मग आवाज उतरला. "लग्नापर्यंत प्रत्येक पावसाळा हेच निंदत काढलाय. उपटायचं, वाकायचं, उपटायचं. वाटलं शहरात आपल्या दारात तरी हे नसेल. साधी फरशी मागितली होती हो मी. तर तुम्ही पिंप भरून त्याला खाऊ घातलंत."

ते दुःख खरं होतं.

सासूबाईंना तेवढा वेळ नव्हता. त्या खुडत होत्या. "नांगर लावला नाय, पेरलं नाय, आपसूक आलं. खरी पंचमीची भाजी ही. बाजारात बाया 'बिननांगराची, बिननांगराची' वरडत्यात, कोण बघायला जातं? हे काँग्रेस गवत तेवढं उपटा, जावईबापू, बाकीचं सोनं हाय."

झुंबरबाईंनी भिंतीपलीकडून हे ऐकलं. त्यांचाही उपवास होता. पाच मिनिटांत त्या टोपली घेऊन आल्या. त्यांना बघून समोरच्या आल्या, त्यांना बघून मागच्या गल्लीतल्या. ज्या अंगणाला कॉलनी 'शेखररावांचं जंगल' म्हणायची, तिथे हिरव्या-जांभळ्या साड्या वाकून वाकून खुडत होत्या. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

खटला

तेव्हा बहिरूनानांनी घसा खाकरला.

नाना: थांबा! ही भाजी चालत नाही.

(सगळे हात थांबतात.)

कुसाबाई: का बरं, भाऊ?

नाना: जमिनीला नांगर लागलाय. प्लॉट पडायच्या आधी इथे मळा होता.

कुसाबाई: कधी?

नाना: झाली दहा-बारा वर्षं.

कुसाबाई: तेवढं मागं गेलं तर तुमच्या दिवाणखान्यात बी नांगर फिरलाय. तिथं पाट मांडून जेवता ना पंचमीला?

(झुंबरबाई पदराआड हसतात. नानांना कागदात दुसरा दोष सापडतो.)

नाना: आणि शेण? ते बैलगाडीतून आलं. जेठात. मी या डोळ्यांनी पाहिलं!

हे खरं होतं. आनंदवल्लीहून गाडीभर शेण आलं होतं, आणि तेच सगळ्या अंगणात पसरलं होतं. बैलाने ओढलेल्या शेणावर पोसलेली भाजी. एका बाईने हातातली जुडी हळूच जमिनीवर ठेवली. उज्वलाने फरशीकडे बघितलं. फरशी उभीच होती.

कुसाबाई: जावईबापू, खरं का हे?

मी: गाडी आली होती, आई. वळणावर अडकली. मी मागून ढकलत होतो. मला शेपटीपलीकडे काही दिसलं नाही.

नाना: मी पुढून पाहिलं!

कुसाबाई: मग तुम्हीच सांगा, भाऊ. रंग कोणता?

नाना: काळा. काळाकुट्ट.

कुसाबाई: वशिंड?

नाना: (आठवून) नव्हतं.

कुसाबाई: शिंगं?

नाना: अशी... मागे वळलेली. मानेवर टेकलेली.

कुसाबाई: वळणावर अडकली म्हंजे काय झालं?

नाना: कोपऱ्यावरच्या डबक्यात जाऊन बसला ना तो! अर्धा तास उठेना. नुसतं नाक वर! हे शेखरराव मागून ढकलतायत, गाडीवान पुढून ओढतोय...

कुसाबाई: (उठून उभ्या राहत) भाऊ, तो रेडा व्हता.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग झुंबरबाई मोठ्याने हसल्या, आणि त्यांचं हसू भिंतीवरून, फाटकावरून, फरशीवरून सगळीकडे पसरलं.

"पण... कष्ट तर कष्टच!" नाना म्हणाले.

"पंचमी बैलाची," सासूबाई म्हणाल्या. "रेड्याचं कुणी काई बोललेलं नाय. आन् तुमच्या सांगण्यावरून त्यानं कुठं कष्ट केले? तो तर बसला व्हता. कष्ट केले जावईबापूंनी. जावयाच्या कष्टाचं चालतं."

जमिनीवर ठेवलेली जुडी परत उचलली गेली. माझ्या आयुष्यात माझ्या कष्टांना एवढ्या स्त्रियांसमोर मान्यता मिळालेली नाही. बँकेत तर नाहीच.

पंगत

भाजी सासूबाईंनी केली. तेल नाही, कारण शेंगदाण्याला नांगर लागतो. तूप म्हशीचं, चिंच झाडाची, मीठ समुद्राचं. पातेलं इतकं मोठं चढलं की शेजारून आणावं लागलं. देवभाताबरोबर आम्ही पाचही जण जेवलो. मुलांनी आधी नाकं मुरडली, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तांदुळज्याचा एक देठ तोंडात धरून बराच वेळ चघळला. विजारीवरून बँकेत न्यायचो त्यातलंच काहीतरी पोटात जात होतं, आणि ते चांगलं लागत होतं.

उज्वला जेवून उठली, हात धुतले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. अंगण अर्धं खुडलं गेलं होतं, तरी हिरवं होतं. फाटकातून एक बाई वाकून म्हणाली, "उज्वलाताई, पुढच्या वर्षीही ठेवा हं तुमची बाग!"

तुमची. मी ऐकलं. उज्वलानेही ऐकलं. तिने काही वेळ तो शब्द मनात फिरवून बघितला असावा.

"फरशी मागे टाकू," ती म्हणाली. "धुण्याच्या जागेपुरती. पण उद्यापासून इथे काय ठेवायचं आणि काय उपटायचं, ते मी सांगणार. तुम्ही फक्त उपटायचं. आणि पिंप जाईल."

"पिंप का?"

"त्याशिवायच आलंय सगळं."

मी लगेच होकार दिला. तहात जिंकलेल्या माणसाने छोट्या अटींवर अडू नये.

सासूबाई आत पडल्या होत्या. मी उरलेली भाजी झाकत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग एक हात वर आला. कोरे कागद उजेडात धरायची सवय असलेला तो हात मी ओळखला. हातात एक वाटी होती. रिकामी, चाटूनपुसून लख्ख.

"शेखरराव," भिंतीमागून आवाज आला. डोकं मात्र दिसलं नाही. "आमच्याकडची संपली. ही म्हणते तुमच्याकडे आहे."

मी डाव हातात घेतला.

"ती तक्रार," आवाज जरा खाली आला, "उद्या जाऊन मागे घेतो. साप वगैरे काही दिसला नाही म्हणून सांगतो."

मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाटी भरली. आधी काठापर्यंत. मग डावाने दाबून, आणखी थोडी.